आजी-आजोबांना आणि मुलांना घेऊन व्हेनिस: एका दिवसात शहर आणि बेटं कशी बघावीत

व्हेनिसला जायचं ठरलं की सगळे गोंडोलाचे दर विचारतात. पुलांबद्दल कोणी विचारत नाही. या शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेक पुलांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या. मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. जायचं ते पायी, नाहीतर बोटीने. बरोबर गुडघेदुखी असलेली आजी आणि पाच वर्षांचा नातू असेल, तर दिवस आखताना आधी हाच हिशोब मांडावा लागतो.

आम्ही २०२५ च्या मे महिन्यात गेलो होतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असे सहा जण. मुक्काम मेस्त्रेत, म्हणजे पलीकडच्या मुख्य भूमीवरच्या भागात होता आणि व्हेनिससाठी पूर्ण असा एकच दिवस होता. अर्धा दिवस गाइडबरोबर शहर आणि उरलेला दिवस आपले आपण बेटं, असं ठरवलं होतं आणि ते जमलं. खाली दिलेले दर तेव्हाचे आहेत, निघण्याआधी पुन्हा बघून घ्या.

१. निघण्याआधी घरबसल्या करायची कामं

पहिलं काम शहराच्या प्रवेश शुल्काचं. फक्त दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून व्हेनिस महापालिका २०२४ पासून ठरावीक तारखांना शुल्क घेते. २०२५ मध्ये अशा ५४ तारखा होत्या, बहुतेक एप्रिल ते जुलैमधले शुक्रवार ते रविवार. चार दिवस आधी भरलं तर माणशी ५ युरो, उशीर केला तर १०. सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत शहरात येणाऱ्यांना ते लागू होतं. १४ वर्षांखालच्या मुलांना माफ असतं. नुसत्या मुरानो, बुरानो, तोर्चेल्लो या बेटांवर जाणाऱ्यांनाही लागत नाही.

इथे बरेच जण एका गोष्टीत फसतात. मेस्त्रे व्हेनिस महापालिकेच्याच हद्दीत येतं, त्यामुळे तिथल्या हॉटेलात राहणाऱ्यांना शुल्क नाही. पण म्हणून काहीच करायचं नाही असं नसतं. महापालिकेच्या संकेतस्थळावर सूट घेतल्याची नोंद करून क्यूआर कोड काढावा लागतो. आम्ही तो सहा जणांच्या कागदपत्रांबरोबर छापूनच नेला होता. स्टेशनबाहेर तपासनीस उभे होते. सासऱ्यांनी कागद पुढे केला, अर्ध्या मिनिटात काम झालं. शेजारी एक कुटुंब मोबाइलवर हॉटेलचा ईमेल शोधत बराच वेळ उभं होतं.

दुसरं काम सान मार्कोच्या बासिलिकाचं, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचं. वेळेचं तिकीट आधी काढून ठेवा. रांग मोठी असते आणि तिथे सावली नाही. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारीच सोडतात. म्हणून शक्य असेल तर रविवार टाळा.

तिसरं काम गाइडचं, त्याबद्दल पुढे लिहिते.

बरोबर ठेवायची कागदपत्रं आणि वस्तू:

- सगळ्यांचे मूळ पासपोर्ट, आणि वेगळ्या पिशवीत त्यांच्या झेरॉक्स
- प्रवास विम्याचा कागद (शेंगेन व्हिसासाठी काढलेलाच चालतो)
- हॉटेलचं बुकिंग, शुल्क भरल्याचा किंवा सूट घेतल्याचा क्यूआर कोड
- बासिलिकाचं तिकीट, गाइडला भेटण्याच्या जागेचा फोटो
- प्रत्येकासाठी ओढणी किंवा उपरणं: बासिलिकात आणि तोर्चेल्लोच्या कॅथेड्रलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात
- आजी-आजोबांची दिवसभराची औषधं, गुडघ्याचा पट्टा, घडीची काठी
- एक आणि दोन युरोची सुटी नाणी, सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी
- पाण्याच्या रिकाम्या बाटल्या: चौकाचौकात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत आणि पाणी चांगलं आहे

पाठीवरच्या मोठ्या सॅका घेऊ नका, बासिलिकात त्या आत नेऊ देत नाहीत. बाबागाडीही शक्यतो हॉटेलवरच ठेवा, नाहीतर प्रत्येक पुलावर ती उचलावी लागेल.

२. बोटीचा पास: इथे पैसे वाचवायला जाऊ नका

व्हेनिसमध्ये बसऐवजी व्हेपोरेत्तो नावाच्या बोटी चालतात. ७५ मिनिटांच्या एका तिकिटाला ९.५० युरो, २४ तासांच्या पासला २५. बेटांवर जाऊन यायचं तर चार-पाच वेळा तरी बोट बदलते, तेव्हा पासच घ्या. सहा वर्षांखालचं मूल फुकट. म्हणजे आम्हाला पाच पास लागले, १२५ युरो. आकडा ऐकून सासऱ्यांच्या कपाळावर आठी पडली होती. पण दिवसभरात सासूबाईंचे गुडघे वाचले ते या पासमुळेच. जिथे चार पूल चढायचे, तिथे आम्ही बोटीत बसून पुढच्या थांब्यावर उतरलो.

पासचे २४ तास विकत घेतल्यापासून नव्हे, पहिल्यांदा यंत्राला टेकवल्यापासून मोजले जातात. पण टेकवायचं मात्र प्रत्येक वेळी, बोटीत चढण्याआधी, आणि प्रत्येकाने आपापलं कार्ड. एकाच कार्डावर सगळं कुटुंब जात नाही. पास खिशात असूनही टेकवला नाही म्हणून दंड होतो.

थांबा म्हणजे पाण्यावर तरंगणारा तराफा. मोठ्या थांब्यांना असे दोन-चार तराफे असतात आणि प्रत्येकावर वेगवेगळ्या मार्गांच्या बोटी लागतात. मार्गाचा क्रमांक बरोबर, पण दिशा उलटी, असं सहज होतं. चढताना खलाशाला नुसतं जायच्या ठिकाणाचं नाव विचारा, तो मान हलवून सांगतो. बोट लागली की तो दोराचा फास खांबाला टाकतो, दोन वेढे देतो, दोर करकरत ताणला जातो आणि बोट तराफ्याला चिकटते. मग तो सरकतं दार उघडतो. त्याने दार उघडेपर्यंत म्हाताऱ्या माणसांना मागेच बसवून ठेवा. फळी आणि तराफा वेगवेगळ्या लयीत हलत असतात. आमच्या मुलाला दिवसभरात सगळ्यात आवडलं ते हे दोर टाकणं.

३. गाइड कसा निवडावा

इटलीत गाइडला सरकारी परवाना लागतो. बुकिंग करताना परवाना आहे का ते स्पष्ट विचारा. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा: वाटेत पूल किती, बसायला कुठे मिळेल, आणि गटात माणसं किती. २०२४ पासून गटात जास्तीत जास्त २५ माणसं आणि ध्वनिक्षेपकावर बंदी, असा महापालिकेचा नियम आहे, पण पंचवीस जणांच्या मागे आजीला चालवणंही सोपं नाही. आम्ही फक्त आमच्यासाठी अडीच तासांची गाइड घेतली. सहा जणांमध्ये वाटून खर्च पेलला. सबंध दिवसाची गाइड घेऊ नका. तीन तासांनंतर मुलं ऐकत नाहीत आणि मोठ्यांना बसायचं असतं.

शहर आणि तिन्ही बेटं एका बोटीतून दाखवणाऱ्या सहलीही मिळतात. प्रत्येक बेटावर जेमतेम अर्धा-पाऊण तास, त्यातला बराचसा दुकानात. कुटुंब घेऊन गेलेल्यांना मी ती सुचवणार नाही.

४. सकाळ: सान मार्को ते रियाल्तो

मेस्त्रेहून रेल्वेने सांता लुचिया स्टेशन दहा-बारा मिनिटांवर आहे. स्टेशनच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल, शहराचा मुख्य कालवा. तिथे दोन मिनिटं थांबा, घाई करू नका. तिथून बोटीने आम्ही नऊच्या सुमारास सान मार्कोच्या चौकात होतो, तेव्हा तो अर्धा रिकामा होता. अकरानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

गाइडने सुरुवात मुलांना आवडेल अशीच केली: हे शहर उभं कशावर आहे? चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर. लाकूड पाण्याखालच्या चिखलात हवेपासून दूर राहतं, म्हणून शतकानुशतकं कुजत नाही. समोर दिसणारं सांता मारिया देल्ला सालूते हे चर्च १६३० च्या प्लेगनंतर नवस म्हणून बांधायला घेतलं. त्याच्याखाली दहा लाखांवर खांब आहेत असं तिथे सांगतात. चौकातला घंटेचा मनोरा १४ जुलै १९०२ ला सकाळी कोसळला आणि होता तसाच पुन्हा बांधून १९१२ मध्ये खुला केला. वर जायला लिफ्ट आहे, तेव्हा आजी-आजोबांनाही वरून सगळी खाडी आणि बेटं दिसतात.

बासिलिकाच्या आत मान वर करूनच फिरावं लागतं, सगळं छत सोनेरी मोझेकचं. दोजेचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाचा राजवाडा मात्र आम्ही बाहेरूनच पाहिला. आत नीट बघायचा तर दोन तास लागतात. एकाच दिवसात बेटंही करायची असतील तर तो सोडा, वाईट वाटलं तरी.

आता एक आडवळण, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. चौकातून पाण्याकडे जाताना उजवीकडे, ग्रंथालयाला लागून एक भारदस्त दगडी इमारत आहे. ती व्हेनिसची जुनी टांकसाळ, झेक्का. १२८४ पासून १७९७ मध्ये प्रजासत्ताक संपेपर्यंत व्हेनिसने सोन्याचं एकच नाणं जवळजवळ त्याच रूपात पाडलं. गाइडने त्याचं मोठं चित्र काढून दाखवलं: एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला दोजे, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात उभा ख्रिस्त. सासूबाईंनी चित्र हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर पुतळी!" त्यांच्या सासूबाईंची पुतळ्यांची माळ आमच्या घरात आहे. व्यापारातून हीच नाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत. त्यांवरच्या उभ्या माणसांमुळे आपल्याकडे त्यांना पुतळी म्हणू लागले. पुढे आपल्या सोनारांनी त्याच घाटाच्या पुतळ्या घडवल्या. गाइडला हे माहीत नव्हतं. तिने वहीत "पुतळी" असं लिहून घेतलं आणि सासूबाईंकडून तीनदा उच्चार करवून घेतला. तुमच्याकडे पुतळ्यांची माळ असेल तर तिचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.

तिथून गल्ल्यांमधून रियाल्तोच्या पुलाकडे. कोपऱ्याकोपऱ्यावर भिंतींवर पिवळ्या पाट्या असतात, रियाल्तोकडे, सान मार्कोकडे, स्टेशनकडे. मोबाइलच्या नकाशापेक्षा त्या भरवशाच्या. अरुंद गल्लीत नकाशावरचा ठिपका भलतीकडेच उडतो. घर क्रमांकांवर तर मुळीच जाऊ नका. शहराचे सहा विभाग आहेत आणि क्रमांक गल्लीपुरता नसून सबंध विभागभर चालतो.

रियाल्तोचा दगडी पूल १५९१ मध्ये पुरा झाला. पायऱ्या खूप आहेत, पण रुंद आणि उथळ. सासूबाई दोनदा थांबत चढल्या.

५. गोंडोला की त्रागेत्तो

गोंडोलाचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर नावेचा असतो, माणशी नव्हे. एका नावेत पाच जण. आम्ही सहा, म्हणजे दोन नावा आणि १८० युरो. आम्ही तो विचार सोडला आणि पश्चात्ताप झाला नाही. तुम्ही चौघं-पाच जण असाल तर जरूर बसा, पण बसण्याआधी वेळ आणि रक्कम तोंडी पक्की करा.

त्याऐवजी त्रागेत्तो घ्या. कालवा ओलांडायला स्थानिक लोक वापरतात ती ही साधी गोंडोला, पुढे-मागे दोन नावाडी. माणशी २ युरो आणि दोन-तीन मिनिटांचा प्रवास. रियाल्तोच्या मासळी बाजाराजवळून समोरच्या सांता सोफियाच्या काठावर ती जाते आणि आपल्याला पुढे नेमकं तिकडेच जायचं असतं. उभं राहण्याची सक्ती नाही, बसू देतात.

६. मुरानो: फुकटची बोट नको

सांता सोफियाहून फोंदामेंते नोवेचा धक्का दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. तिथून मुरानोला जाणारी बोट घ्या. वाटेत विटांच्या भिंतीआड सुरूसारख्या उंच झाडांचं बेट लागतं, ते सान मिकेले, शहराची दफनभूमी.

आदल्या संध्याकाळी आम्हाला एका माणसाने मुरानोला फुकट बोटीने नेण्याची तयारी दाखवली होती. आमच्याच ओळखीचं एक कुटुंब तशा बोटीने गेलं होतं. बोट थेट एका दुकानाच्या धक्क्याला लागली, पाच मिनिटं भट्टी दाखवली, पुढे दीड तास वरच्या मजल्यावर झुंबरं आणि पेले. परतीची बोट मात्र नव्हती. तुमच्याकडे पास आहे, आपले आपण जा.

आगीच्या भीतीने १२९१ मध्ये व्हेनिसच्या काचभट्ट्या या बेटावर हलवल्या, तेव्हापासून इथली काच प्रसिद्ध. थोडं तिकीट घेऊन प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या भट्ट्या आहेत. दुपारी जेवणाची सुट्टी असते, म्हणून वेळ आधी विचारा. कारागीर लांब नळीच्या टोकाला मधासारखा लोंबणारा काचेचा गोळा घेऊन बसतो. नळी फिरत राहते. मग चिमट्याने एक ओढ दिली की मान, चार चिमटे की आयाळ, आणखी चार की पाय. मिनिटभरात घोडा उभा. केशरी रंग हळूहळू विझून काच पारदर्शक झाली तेव्हा मुलगा माझ्या कानात म्हणाला, "आई, आता तो थंड झाला का?" मुळीच नाही. पुढे तासन् तास तो वेगळ्या भट्टीत सावकाश निववावा लागतो, नाहीतर तडकतो.

खरेदी करायचीच असेल तर "वेत्रो आर्तिस्तिको मुरानो" हे चिन्ह बघून करा. स्टेशनजवळ दोन-तीन युरोला मिळणारी लोलकं बहुतेक इथली नसतात. वेळ असेल तर सांता मारिया ए सान दोनातो चर्चमधली जमीन बघा. बाराव्या शतकातलं मोझेक, मोर आणि गरुड, जागोजागी लाटेसारखं वरखाली झालेलं.

७. जेवण: शाकाहारींनी काय करावं

मार्गरिता पिझ्झा सगळीकडे मिळतो. रिसोत्तो मागवताना सांभाळा, भाज्यांचा वाटला तरी तो माशाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. बुरानोची तर तीच खासियत आहे. बसून खाल्लं की माणशी टेबलाचे पैसे लागतात, बिलात "कोपेर्तो" असं लिहिलेलं दिसेल. ती फसवणूक नव्हे, मेनूवर आधी छापलेलं असतं.

आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पण सान मार्कोच्या पायऱ्यांवर किंवा पुलावर डबा उघडू नका, दंड होतो. कबुतरांना दाणे टाकायलाही बंदी आहे. बुरानोहून लाकडी पुलावरून पलीकडे मात्सोर्बो बेटावर गेलं की बाक आहेत, झाडं आहेत आणि गर्दी नाही. दिवसातलं सगळ्यात निवांत जेवण तिथे झालं.

८. बुरानो

मुरानोच्या फारो थांब्यावरून १२ नंबरची बोट. अर्धा तास तरी लागतो, म्हणून आजी-आजोबांना आत जागा मिळेल असं बघा. जांभळी, पिवळी, हिरवी घरं, समोर बांधलेल्या होड्या, दोरीवर वाळणारे कपडे. घरांत माणसं राहतात, तेव्हा दारातल्या पडद्याला हात लावून फोटो काढू नका. चर्चचा मनोरा चांगलाच कलला आहे. मुलांना तो आधी दिसला, मोठ्यांना नंतर.

इथे गुडघ्यांची काळजी नाही, जमीन सपाट. सासूबाईंना आम्ही लेसच्या संग्रहालयात नेलं. इथे १८७२ मध्ये लेसची शाळा निघाली होती, संग्रहालय त्याच जागेत आहे. एक म्हातारी बाई मांडीवर उशी घेऊन सुईने लेस करत बसली होती. खाली कापड नाही, नुसत्या दोऱ्यावर दोरा. सासूबाई आयुष्यभर क्रोशाचं काम करत आल्या आहेत. दोघींची भाषा वेगळी, पण पाच मिनिटांत दोघींची डोकी एका टाक्यावर वाकली होती. तिने खुणेने सांगितलं की पूर्वी एकेका बाईचा एकेक टाका ठरलेला असे आणि एक लेस सात जणींच्या हातून जाई. दुकानांतली स्वस्त लेस बहुतेक यंत्रावरची असते. हाताची हवी असेल तर छोट्या तुकड्यालाही चांगली किंमत पडते. संग्रहालय लवकर बंद होतं, म्हणून बुरानोत पोचल्या पोचल्या तिथेच जा.

९. तोर्चेल्लो: सगळ्यांनी जायलाच हवं असं नाही

बुरानोहून बोटीने पाच मिनिटं. पुढे कालव्याकाठच्या विटांच्या वाटेने दहा मिनिटं चालणं. सासूबाई आणि माझे यजमान बुरानोत आइस्क्रीम खात बसले, आम्ही बाकीचे गेलो. व्हेनिसच्याही आधी हे बेट गजबजलेलं होतं. खाडी गाळाने भरली, हिवताप आला, माणसं निघून गेली. आता इथे मोजकी माणसं राहतात. कॅथेड्रलची स्थापना ६३९ सालची. आतल्या पश्चिम भिंतीवर वरपासून खालपर्यंत शेवटच्या निवाड्याचं मोझेक आहे. सासरे त्याच्यासमोर वीस मिनिटं उभे होते. वाटेवर सैतानाचा पूल लागतो, त्याला कठडा नाही. लहान मुलाचा हात धरा.

१०. परतीची वाट

बुरानोच्या धक्क्यावर दुपारी चार ते सहा मोठी रांग लागते आणि बोट भरली की पुढच्या बोटीची वाट बघावी लागते. एकतर तीनलाच निघा, नाहीतर सहानंतर. आम्ही सहानंतर निघालो, सगळ्यांना बसायला मिळालं. फोंदामेंते नोवेला उतरून दुसऱ्या बोटीने पियात्साले रोमाला गेलो आणि तिथून १ नंबरच्या बोटीत बसलो. ती तिथूनच सुटते, म्हणून बाहेरच्या जागा मिळतात. ग्रँड कॅनॉलची पूर्ण लांबी ती सावकाश, प्रत्येक थांबा घेत कापते. महालांच्या खिडक्यांत दिवे लागत होते. मुलगा आजोबांच्या मांडीवर झोपला, मुलगी बोटीचे थांबे मोजत होती.

त्याच पासवर उलट दिशेने सांता लुचियाला परत या. मेस्त्रेच्या गाड्या रात्रीही सुरू असतात. कागदी तिकीट घेतलं असेल तर फलाटावर जाण्याआधी यंत्रात घालून शिक्का मारून घ्या, दमलेल्या अवस्थेत नेमकं तेच राहून जातं.